सिम्युलेटर एक नंबर, पण पेपर आधीच फुटलेला: माझ्या टाईप रेटिंग कोर्सचा रिव्ह्यू

टाईप रेटिंग संपून तीन महिने झाले, लाईन ट्रेनिंग, म्हणजे प्रवाशांसह खऱ्या फ्लाइटवरचं ट्रेनिंग, चालू आहे, आणि दर दोन दिवसांनी कुणाचातरी मेसेज येतो की कोर्स कसा होता, घेऊ का, वर्थ आहे का. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सेंटरचं नाव घेणार नाही, कारण एकतर मला अजून याच धंद्यात राहायचंय, आणि दुसरं म्हणजे खाली जे रडगाणं गायलंय ते इतर सेंटरवाल्या मित्रांकडूनही जवळपास असंच ऐकलंय. रेटिंग पाचपैकी साडेतीन. मशीनला पाच, एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरला पाच, बाकीच्या कारभाराला दोन, आता याची सरासरी साडेतीन येत नाही हे मलाही कळतं पण मनातली सरासरी तीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. कमर्शियल लायसन्स हातात आलं म्हणजे कुठलंही जेट उडवता येतं असं नसतं, त्या त्या जातीच्या विमानाचा वेगळा शिक्का लागतो, तेच टाईप रेटिंग. मी एअरबस ए३२० चं केलं. आधी वर्गातलं आणि कॉम्प्युटरवरचं, मग न हलणारा सिम्युलेटर (आम्ही सिम म्हणतो), मग हलणारा, मग चेक, आणि अगदी शेवटी खऱ्या रिकाम्या विमानात थोडी टेकऑफ-लँडिंग. म्हणजे दीडशे-दोनशे माणसांचं विमान आपण जवळजवळ पूर्णपणे त्याला हात न लावता शिकतो. ऐकायला भयंकर वाटतं पण पद्धत चालते, त्यावर माझी तक्रार नाहीच. तक्रार वेगळी आहे.

सुरुवात सीबीटीपासून, म्हणजे कॉम्प्युटरवरचे धडे. टॅबलेट देतात, त्यात एक बाई अत्यंत निर्विकार आवाजात हायड्रॉलिक सिस्टिम समजावते, ग्रीन, ब्लू, यलो, कुठली कशावर चालते, कुठलं इंजिन बंद पडलं की काय जातं. माहिती शंभर टक्के बरोबर, चित्रं सुंदर, पंप फिरताना दिसतात. पण स्लाइड संपेपर्यंत नेक्स्टचं बटण उजळत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग एका बोटाने नेक्स्ट दाबत दुसऱ्या हाताने फोन बघायला लागला. मीही. धड्याच्या शेवटी दहा प्रश्न, चुकलं तर परत, आणि परत तेच प्रश्न, त्यामुळे शेवटी उत्तर नाही, उत्तराची जागा पाठ होते, की वरून दुसरं. मी इलेक्ट्रिकलमध्ये ९० च्या वर मार्क काढले आणि दोन आठवड्यांनी सिममध्ये इमर्जन्सी जनरेटर कशावर चालतो विचारल्यावर तोंड उघडं टाकून बसलो. ब्लू हायड्रॉलिकवर. आता मरेपर्यंत विसरणार नाही, पण त्या बाईमुळे नाही.

सीबीटी वाईटच असं म्हणत नाही. ओळख करून द्यायला ठीक आहे, तेवढ्यावरच भागवायचं ठरवलं की घोळ होतो. ७३७ मॅक्सचं उदाहरण सगळ्यांना माहितीय, जुन्या ७३७ वरून मॅक्सवर जाणाऱ्या पायलटना सिमची सक्ती नव्हती, कॉम्प्युटरवरचा छोटा कोर्स पुरेसा धरला होता आणि एमकॅस नावाची जी सिस्टिम नाक खाली ढकलू शकत होती तिचा पायलटच्या मॅन्युअलमध्ये उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर २०१८ ला लायन एअर, मार्च २०१९ ला इथिओपियन, दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. विमान परत उडायला लागलं तेव्हा सिमचं ट्रेनिंग सक्तीचं झालं. सक्ती आधीच असती तर दोन्ही वाचली असती असं छातीठोक नाही सांगता येणार, पण जे कोर्समध्येच नाही ते नेक्स्ट दाबून कळत नाही एवढं नक्की.

आता पोस्टर. पूर्ण कोर्समधली सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात कामाची वस्तू. ए३२० चं कॉकपिट जवळपास खऱ्या आकारात छापलेला कागद असतो, समोरचं पॅनल, मधलं पेडेस्टल, वरचं ओव्हरहेड. तो भिंतीला चिकटवायचा, समोर दोन खुर्च्या टाकायच्या आणि पार्टनरबरोबर वेड्यासारखं कागदाला बोटं लावत बसायचं. बॅटरी, एक्स्टर्नल पॉवर, एडीआयआरएस (विमानाची दिशा-वेग सांगणारी यंत्रणा), फ्युएल पंप, सगळं एका ठरलेल्या वाटेने, त्याला फ्लो म्हणतात. आम्ही रोज रात्री दोन-दोन तास हे केलं. पहिले चार दिवस हसू यायचं, कागदावरचं बटण दाबून "चेक्ड" म्हणायचं म्हणजे भातुकलीच की. पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं की डोळे मिटले तरी हात बरोबर जागेवर जातोय. सिममध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा नवीन जागी आल्यासारखं वाटलंच नाही, फक्त बटणं कागदातून बाहेर आलेली. ज्या बॅचमेट्सनी पोस्टरला हात लावला नाही ते पहिली तीन सेशन बटणं शोधण्यात घालवून बसले, आणि सिममधला प्रत्येक तास किती महाग असतो ते काय सांगू.

सिम्युलेटर. इथे मात्र सेंटरला हात जोडून नमस्कार. लेव्हल डी फुल फ्लाइट सिम, म्हणजे या प्रकारात सगळ्यात वरची पायरी. मोठ्या हॉलमध्ये सहा पायांवर उभा असलेला पांढरा डबा, आत जायला छोटा पूल, सगळे आत गेले की पूल बाजूला होतो आणि डबा उचलला जातो. आतून बघाल तर हुबेहूब विमान, काचेबाहेर रनवे, दिवे, पाऊस. मला सगळ्यात भारी वाटली ती फसवणूक. डबा जागचा काही फूटच हलू शकतो, मग टेकऑफला पाठ सीटला कशी दाबली जाते? तर आधी एक छोटा धक्का पुढे देतात, आणि मग हळूच, तुम्हाला कळणार नाही इतक्या हळू, अख्खा डबा मागे कलवतात. बाहेरचं चित्र सरळच राहतं, त्यामुळे पाठीला लागणारं स्वतःचंच वजन आपल्याला विमानाचा वेग वाटतो. कानातलं यंत्र गंडतं, बस. पहिल्या टेकऑफला मला खरंच घाम फुटला होता आणि पहिलं लँडिंग असं आपटलं की मागून इन्स्ट्रक्टर म्हणाला, कुणाचे दात पडले का बघा रे.

लॉबीत एक जुना निळा डबा शोभेला ठेवलाय, लिंक ट्रेनर. त्याच्यासमोर सेल्फी काढून सगळे पुढे जातात पण थांबून वाचा. एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ मध्ये बनवलेला, त्याच्या घरचा धंदा पियानो आणि ऑर्गनचा, त्यामुळे ऑर्गनमध्ये हवा भरायचे जे भाते असतात तेच वापरून त्याने डबा हलवला. सुरुवातीला लोक त्याला जत्रेतलं खेळणं समजत होते. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या पायलटना टपाल न्यायचं काम दिलं, खराब हवेत नुसत्या यंत्रांवर उडायची सवय नाही म्हणून पोरं पटापट मेली, तेव्हा सैन्याने ते खेळणं विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो जण त्यातून शिकून गेले. या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येक नवीन पद्धतीच्या मागे कुणीतरी मेलेलं असतं, हे त्या डब्यापाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा डोक्यात गेलं.

आता मुद्द्याचं. पेपर फुटणे.

कोर्सचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी हातात देतात, त्यात प्रत्येक सेशनला काय होणार ते लिहिलेलं. पाचव्या सेशनला व्ही-वन कट, म्हणजे आता थांबता येणार नाही अशा वेगाला आलात की नेमकं तेव्हाच एक इंजिन जाणार. सहाव्याला इंजिन फायर, सातव्याला एका इंजिनवर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं. एवढ्यावर भागत नाही, जुन्या बॅचची एक पीडीएफ फिरत असते, त्यात कुठला इन्स्ट्रक्टर कुठल्या टेकऑफला कुठलं इंजिन घालवतो इथपर्यंत सगळं. "दुसऱ्या टेकऑफला डावं, चौथ्याला उजवं." शाळेत गाईड वाचून पास झालेली पोरं आम्ही, सोडतोय काय. मी पाचव्या सेशनला असा काही चमकलो की विचारू नका. इंजिन गेलं, नाक वळायच्या आत पाय बरोबर रडरवर (शेपटीची पट्टी, पायाने हलवतात), नाक सरळ, चारशे फुटापर्यंत शांत, मग ऑटोपायलट, मग कामाची वाटणी. इन्स्ट्रक्टर खूश. एकदा तर इतका तयारीत होतो की इंजिन जायच्या आधीच पाय दाबला आणि चांगलं धडधाकट विमान भलत्याच बाजूला पळायला लागलं. इन्स्ट्रक्टर हसला, मीही हसलो, फॉर्मवर टिक झाली.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे नंतर कळलं. सातव्या सेशनला आमचा नेहमीचा इन्स्ट्रक्टर आजारी पडला आणि बदली म्हणून एक म्हातारे कॅप्टन आले. बारीक, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर. ब्रीफिंगला त्यांनी वेळापत्रकाची फाईल उघडलीच नाही, बंद करून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "नेहमीसारखं उडवा, मी मागे आहे." मी उजव्या सीटवर, विमान माझ्याकडे. पार्टनर डावीकडे कॅप्टनच्या जागी. मला माहीत होतं आज एका इंजिनवर गो-अराउंड आहे, म्हणजे अप्रोचला कधीतरी इंजिन जाणार. पाय रडरवर तयार, डावा हात थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे), डोळे इंजिनाच्या आकड्यांवर चिकटलेले.

लोकलायझर, म्हणजे रनवेच्या रेषेत आणणारा सिग्नल, पकडलं, मी समोरच्या पट्टीवर आलेलं मोठ्याने वाचलं, "लॉक स्टार". उत्तर नाही. समोरच्याने "चेक्ड" म्हणायचं असतं. ठीक आहे, चुकलं असेल. मग उतरायच्या उताराचा सिग्नल पकडला, "ग्लाइडस्लोप स्टार." काही नाही. "फ्लॅप्स टू." फ्लॅप्सचा, म्हणजे पंखांच्या पट्ट्यांचा, लिव्हर हलेना, तर मीच हात पुढे करून हलवला, मनात म्हटलं झोपला का हा. "गिअर डाउन." गिअरचा, म्हणजे चाकांचा, लिव्हर माझ्याच बाजूला असतो, तोही मीच खाली केला. आणि सगळा वेळ डोक्यात एकच, आता जाईल इंजिन, आता जाईल. हजार फूट. पाचशे. इंजिन दोन्ही मस्त चालू. दोनशेला रनवे दिसला नाही, मी "गो-अराउंड, फ्लॅप्स" असं ओरडलो, लिव्हर पुढे ढकलले आणि सगळं चित्र जागच्या जागी थांबलं. फ्रीझ.

मागून अगदी हळू आवाज आला. "तुझा कॅप्टन चार मिनिटांपूर्वी गेलाय."

डावीकडे बघितलं तर पार्टनर मान थोडी खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसलेला, माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मी चार्ट बघत असताना म्हाताऱ्या कॅप्टननी त्याला मागून चिठ्ठी दिली होती, "लोकलायझरनंतर बोलू नकोस, हलू नकोस." ना धूर ना घंटा ना लाल दिवा. माणूस शेजारी बसल्या बसल्या संपला आणि मी त्याची कामं स्वतःच करत गेलो, एकदाही मान वळवली नाही.

नियम आम्हाला पाठ होता बरं का, परीक्षेत बरोबर लिहिलेला. दोन कॉलना उत्तर आलं नाही की समोरचा गेला असं धरायचं, "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, साइडस्टिकचं, म्हणजे विमान उडवायच्या काठीचं, लाल बटण दाबून धरायचं, ४० सेकंद दाबलं की दुसऱ्या बाजूची काठी बाद होते, मग केबिन क्रूला बोलवायचं, तो पुढे कोसळला असेल तर सीट मागे घ्यायची. सगळं माहीत होतं. फक्त वेळापत्रकात नव्हतं.

डीब्रीफ, म्हणजे सेशननंतरची चर्चा, दीड तास चालला. सिममध्ये सगळं रेकॉर्ड होतं. कॅप्टननी व्हिडिओ लावला आणि स्क्रीन बंद केली, फक्त आवाज. अंधारात माझाच आवाज, "लॉक स्टार"... शांतता... "ग्लाइडस्लोप स्टार"... शांतता... "फ्लॅप्स टू"... आणि मग मीच माझ्याच कॉलला पुटपुटत दिलेलं "स्पीड चेक्ड, फ्लॅप्स टू". खोलीत एकटा माणूस स्वतःशी बोलतोय असं ऐकू येत होतं. अंगावर काटा आला. टेप संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू कशाची वाट बघत होतास?"

"सर, इंजिन जायची."

ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बराच वेळ त्यांनी मला काय चुकलं ते सांगितलंच नाही, विचारत राहिले, कुठे कळायला हवं होतं, लिव्हर स्वतः हलवताना मनात काय आलं, पार्टनरला का नाही विचारलंस. उत्तरं माझ्याच तोंडून काढली. आधीच्या सहा सेशनचे डीब्रीफ दहा-पंधरा मिनिटांचे, "गुड, जरा स्पीड बघ, पुढच्या वेळी फायर आहे, वाचून ये". अख्ख्या कोर्समधून आज काय आठवतं विचाराल तर पोस्टर, हा दीड तास आणि केबिन क्रूचा एक दिवस, त्याबद्दल खाली.

परवा लाईनवर अप्रोचला मी "वन थाउजंड" म्हटलं आणि कॅप्टनकडून उत्तर नाही. मान लगेच वळली. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत हात साइडस्टिकच्या अर्ध्या वाटेवर पोचलेला. ते म्हणाले, सॉरी, शिंक अडवत होतो.

पेपर फुटल्याचा प्रॉब्लेम फक्त आमच्या बॅचचा नाही. एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९, अटलांटिकवर रात्री वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने गंडल्या, ऑटोपायलट सुटला, आणि विमान स्टॉलमध्ये (पंखांना उचल मिळेनाशी होते ती अवस्था) जाऊन चारेक मिनिटांत समुद्रात, २२८ जण. फ्रान्सच्या तपास अहवालात स्पष्ट आहे की त्या को-पायलटना मोठ्या उंचीवर हाताने विमान सांभाळायचं आणि तिथे वेग चुकीचा दिसला तर काय करायचं याचं ट्रेनिंग मिळालेलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन ३४०७, स्टॉलची वॉर्निंग आली, काठी पुढे न्यायची तर कॅप्टनने मागे ओढली. तेव्हाचं स्टॉलचं ट्रेनिंग कसं असायचं तर आधी सांगून, ठरलेल्या उंचीवर, आणि उंची अजिबात जाऊ द्यायची नाही यावर मार्क. नंतर पद्धत बदलली, आता पहिलं काम नाक खाली, उंची गेली तर जाऊ दे. आम्हाला तसंच शिकवलं, आणि ते नीट शिकवलं, हे क्रेडिट द्यायलाच हवं.

उलटं शिकवलं जाण्याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकन ५८७, नोव्हेंबर २००१, पुढच्या जंबोच्या हवेचा धक्का लागला आणि फर्स्ट ऑफिसरने रडर इतका जोरात डावा-उजवा केला की शेपटीच तुटली. २६५ माणसं. तपासात त्या एअरलाईनच्या सिममधल्या व्यायामावरही बोट ठेवलं गेलं, तिथे धक्का खऱ्यापेक्षा मोठा दाखवायचे. म्हणजे सिमने माणसाला चुकीची भीती शिकवली. म्हणूनच उलटंपालटं झालेलं विमान सरळ करायचं ट्रेनिंग नुसत्या सिममध्ये पुरत नाही, डबा अंगावर सतत जी-फोर्स, म्हणजे खेचताना-वळताना येणारा तो भार, देऊच शकत नाही, पोटात गोळा येतो तो खऱ्या विमानातच. युरोपात २०१९ च्या शेवटापासून पहिल्या टाईप रेटिंगच्या आधी त्यासाठी योग्य अशा खऱ्या विमानात निदान तीन तास हे करावंच लागतं. आमच्या सेंटरला ते पॅकेजमध्ये नव्हतं, वेगळं घ्या म्हणाले. अर्धा स्टार इथे गेला.

अजून एक खटकलेली गोष्ट म्हणजे सिममधला एटीसी, म्हणजे रेडिओवरून परवानगी (क्लिअरन्स) देणारा कंट्रोलर. एटीसी कोण तर मागे बसलेला इन्स्ट्रक्टरच. फेल्युअर तोच घालणार, हवा तोच बदलणार, आणि क्लिअरन्सही तोच देणार. तुम्ही रनवेवर उभे राहिलात की लगेच "क्लिअर्ड फॉर टेकऑफ", कारण त्यालाही वेळ वाचवायचाय. बाकी कुणी रेडिओवर नाही, कुणी कुणाच्या बोलण्यात घुसत नाही. पूर्ण कोर्समध्ये मला "होल्ड पोझिशन" एकदाही ऐकायला मिळालं नाही, आणि लाईनवर पहिल्याच दिवशी वीस मिनिटं रेडिओत शब्द घुसवायला जागा मिळेना तेव्हा तोंडाला फेस आला. हे वरवर किरकोळ वाटतं. पण टेनेरिफला, २७ मार्च १९७७, धुक्यात क्लिअरन्स न घेता टेकऑफ सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन व्हॅन झांटेन हा त्या कंपनीचा अतिशय सिनियर इन्स्ट्रक्टर होता आणि त्याचा बराच वेळ सिममध्ये जायचा, जिथे क्लिअरन्सची वाट बघायला लागत नाही. ५८३ माणसं. कारणं बरीच होती, धुकं, रेडिओत एकमेकांवर चढलेले आवाज, ड्यूटीचे तास, पण सवयीचा हा मुद्दा अभ्यासक काढतात आणि मला तो पटतो.

केबिन क्रूबरोबर एक दिवस एकत्र होता, त्याला जाताना मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. तो दिवस मला वाटलं त्याच्या दसपट निघाला. विमानाचा अर्धा तुकडा हॉलमध्ये, खरे दरवाजे, खोटा धूर भरतात, तो घशाला लागत नाही पण स्वतःचा हात दिसत नाही. आणि त्या पोरी आणि पोरं ज्या आवाजात ओरडतात! "अनफास्टन सीटबेल्ट, लीव्ह एव्हरीथिंग, कम धिस वे", एका दमात, एका पट्टीत, दहा मिनिटं. मला दरवाज्यापाशी उभं केलं तर माझ्या तोंडून सॉरी म्हणतोय असा आवाज निघाला. ट्रेनर बाईंनी सगळ्यांसमोर सहा वेळा परत करायला लावलं, सहाव्यांदा माझा आवाज फाटला तेव्हा म्हणाल्या, आता लोक हलतील. दरवाजा उघडायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचं, आग असेल तर तो दरवाजा बंदच ठेवून लोकांना वळवायचं, हा निर्णय त्या एका माणसाने एका सेकंदात घ्यायचा असतो, कॅप्टनला विचारत बसायचं नाही. हानेदाला २ जानेवारी २०२४ ला जपान एअरलाईन्सचं ए३५० पेटलं तेव्हा अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडली, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर ३७९ च्या ३७९ बाहेर काढले. बातमी वाचली होती तेव्हा चमत्कार वाटला होता. त्या धुरात उभं राहिल्यावर कळलं की तो चमत्कार रोज सहा-सहा वेळा ओरडून घोटलेला असतो.

सीआरएमचा, म्हणजे कॉकपिटात सगळ्यांनी मिळून काम कसं करायचं त्याचा, वर्ग ठीकठाक. स्लाइडवर युनायटेड १७३, डिसेंबर १९७८, पोर्टलंडजवळ गिअरच्या लाईटमागे लागून इंधन संपेपर्यंत फिरत राहिले, फ्लाइट इंजिनियर सांगत होता पण जोर लावून नाही. मग युनायटेड २३२, १९८९, तिन्ही हायड्रॉलिक गेलेलं डीसी-१०, कॅप्टन हेन्सनी प्रवासी म्हणून आलेल्या इन्स्ट्रक्टरलाही कॉकपिटात घेतलं आणि थ्रस्टवर विमान सू सिटीपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ वाचले. गोष्टी जबरदस्त, पण मग ग्रुप करून चार्ट पेपरवर "चांगल्या लीडरचे गुण" लिहायला लावले आणि हवा निघून गेली. कॅप्टनच्या एका चिठ्ठीने जे सीआरएम शिकवलं ते इथल्या दोन दिवसांत झालं नाही.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात "एव्हिडन्स बेस्ड ट्रेनिंग" (ईबीटी) लिहिलंय, त्याबद्दल सावध. आयकाओने, म्हणजे विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेने, २०१३ मध्ये याचं मॅन्युअल काढलं, कल्पना अशी की तीच ती ठरलेली फेल्युअर घोकत बसण्यापेक्षा अपघातांच्या आणि उड्डाणांच्या खऱ्या डेटावरून प्रसंग बनवायचे आणि माणसाची क्षमता तपासायची, निर्णय, संवाद, कामाचं ओझं सांभाळणं वगैरे. कल्पना माझ्या तक्रारीवर नेमकं औषध आहे. पण इथे प्रत्यक्षात काय, तर जुनंच वेळापत्रक आणि फॉर्मवर नवीन रकाने. इन्स्ट्रक्टर घाईघाईत सगळ्या रकान्यांत चार-चार टाकून मोकळे. चौकशी करताना "ईबीटी आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की सेशनमध्ये न सांगितलेला प्रसंग किती वेळा येतो आणि डीब्रीफ किती वेळ चालतो. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

बाकी किरकोळ. सिमचे स्लॉट मध्यरात्रीनंतरचे मिळतात, दोन ते सहा, दोन तास तुम्ही उडवायचं आणि दोन तास पार्टनरने, तिसऱ्या तासाला मेंदू दही. एसी थंडगार, जाड काहीतरी घालून जा. हॉस्टेलचं वायफाय नावाला. ऑफिसचा स्टाफ सज्जन, पण सर्टिफिकेटवर माझ्या नावाचं स्पेलिंग दोनदा चुकलं. चेक घेणारे एक्झामिनर फेअर होते, त्यात आलं तेच जे पीडीएफमध्ये होतं, त्यामुळे मी पहिल्या फटक्यात पास, आणि त्याचा मला म्हणावा तेवढा आनंद झाला नाही.

म्हणजे घ्या की नको? मशीन आणि बेसिक पक्के हवे असतील तर घ्या, पण बुकिंग करताना त्या म्हाताऱ्या कॅप्टनचं एक तरी सेशन मागून घ्या, नाव विचाराल तर पर्सनलवर सांगेन. सेंटरवाले वाचत असाल तर एवढंच करा, वेळापत्रकात सेशनचा विषय लिहा पण फेल्युअर लिहू नका. आणि बॅचमधल्या ज्युनियरनो, ती पीडीएफ मागायला मला मेसेज करू नका, डिलीट केलीये. पोस्टर हवा असेल तर देतो, ओव्हरहेडच्या कोपऱ्यात थोडा फाटलाय.